टर्मिनलचे सोळा रंग

३ मार्च
कोड लिहायच्या एडिटरच्या खालच्या पट्टीत, म्हणजे हुकूम देऊन उत्तरं वाचायच्या टर्मिनलमध्ये, लाल अक्षरांत चूक दाखवली होती म्हणे. मला काळ्यावर काळंच दिसलं! काम तसंच पुढे गेलं आणि सगळ्यांची सकाळ वाया. मुकादम — म्हणजे आमचा टीमलीड, हे नाव फक्त इथे — हळूच म्हणाला, "मॅडम, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत काम दुसऱ्या कुणाला देऊ का?"

देऊ का म्हणे! तीस वर्षं कोड लिहितेय. एकदा हातातून गेलेलं काम परत येत नाही. घाबरले, खरं सांगते.

५ मार्च
टर्मिनलचे रंग आपले आपल्याला ठरवता येतात! एक छोटी फाइल — सोळा रंग आणि मागचा पडदा, बस्स. फोल्डरच्या नावांचा निळा अगदीच मेलेला. चढवला, आणखी चढवला, तेव्हा कुठे जिवंत झाला.

नवरा म्हणाला, "मला होकार देताना एवढा वेळ घेतला नव्हतास."
"म्हणून तर आता नीट बघून घेतेय!"

६ मार्च
करडा काही केल्या जमेना.

९ मार्च
जमला! मागचा पडदा सायीसारखा मऊ. लाल असा, की दारातून दिसावा. आज तीन चुका पकडल्या, त्यातली एक खुद्द मुकादमाची! दिवसभर गुणगुणत होते.

१२ मार्च
शेजारच्या टेबलावरचा लांबू मागे येऊन उभा. "मॅडम, ही फाइल मलाही द्या ना." दिली. मग बाकीच्यांनी घेतली, शेवटी मुकादमानेसुद्धा! सहाच्या सहा पडद्यांवर माझी साय.

"कसे वाटतात रंग?"
"झोपच उडते, मॅडम!" — इति लांबू.

काम माझ्याकडेच राहिलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

१९ मार्च
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे नवऱ्याने लिहिलंय, मी सांगतेय. अक्षर बघून मला दोष देऊ नये.

२३ मार्च
ऑफिसात टर्मिनल उघडलं. अगं आई गं! साय कसली, ती तर मोतीबिंदूच्या पिवळट जाळीची करामत — खरं म्हणजे निळंशार, जांभळट, नुसतं भगभगीत! दहा दिवस पाच माणसं यात डोळे फोडून घेतायत, आणि चकार शब्द नाही कुणाचा! लांबूला धरलं. मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही आमच्या टेबलाशी आलात, की तुम्हाला वाचता यावं ना."

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज नाही ऐकलं.