अडथळा नाही

सोमवार, ४

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. सव्वीस वर्षं मी ट्रक चालवला, आता ट्रक मला फिरवणार. केबिनमध्ये गार हवा, आणि खुर्ची अशी, की लग्नात नवरदेव असताना मला मिळाली नव्हती. स्टिअरिंग आपोआप फिरतं. ब्रेक-क्लच काढूनच टाकलेत. पायांना काही काम नाही म्हणून सारखे मधे येत होते. आपण फक्त बसायचं. गाडीला शंका आली की पडद्यावर प्रश्न येतो, की समोर अडथळा आहे का. आपण ‘आहे’ किंवा ‘नाही’ दाबायचं. एका गाडीला दिलेलं उत्तर चाळीसही गाड्या शिकतात. शाळा एकच, पोरं चाळीस. यार्डातला मिस्त्री म्हणाला, की काका, जन्मभर राबलात, आता जावई होऊन बसा.

निघण्याआधी सवयीनं गाडीपुढे उभा राहिलो, हात जोडले, मान वाकवली. उस्तादांनी शिकवलं होतं, जिच्या जिवावर पोट भरतं तिला आधी नमस्कार. ही बिचारी दचकली, भोंगा वाजवला, प्रश्न विचारला. हातातल्या रिमोटवर ‘अडथळा नाही’ दाबलं आणि बाजूला झालो. हसू आलं.

घरी मात्र धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नाही. याच कंपनीनं साठ ड्रायव्हर काढले, त्यांत तो एक. जेवताना बायकोला म्हणाला, की वहिनी, दादाला विचारा, घास स्वतः चावणार की त्यालाही यंत्र लावलंय. मी गिळलं. त्याचं चुकत नाही. आई गेल्यावर त्याला मीच वाढवला, मीच गाडी शिकवली.

शनिवार, ९

काम अंगवळणी पडलं. माझं बघून बाकीचे बसणारेही सकाळी आपापल्या गाडीपुढे नमस्कार करू लागले. सगळे जुनेच ड्रायव्हर, हात रिकामे म्हणून कासावीस झालेले. आज आम्ही सात जण ओळीनं उभे होतो, डोळे मिटून.

गाड्या आता भोंगा देत नाहीत. प्रश्नही विचारत नाहीत. नुसत्या घुरघुरत उभ्या राहतात, मग हळूच पुढे सरकतात आणि आपण बाजूला होतो. मिस्त्री म्हणाला, की काका, तुम्ही लोखंडाला भक्ती शिकवली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

बुधवार, १३

घडलं ते लिहून ठेवतो.

यार्ड झाडणाऱ्या मावशी सकाळी फुटकी काच गोळा करत होत्या. ओणव्या. नऊ नंबरची गाडी त्यांच्याकडे चालत आली. चालतच म्हणतो, इतकी सावकाश. आम्हाला वाटलं थांबेल. मावशींनाही तसंच वाटलं असणार, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मोळी मोडल्यासारखा आवाज झाला. मग चाकाखाली काही उंच आहे हे गाडीला कळलं, आणि वळसा घालायला ती मागे आली. पुन्हा त्यांच्याच अंगावरून. मिस्त्री गाडीच्या काचेवर पाना आपटत होता. झाडू चाकात अडकून फिरत राहिला, मावशींच्या मुठीसकट.

नऊ नंबरमध्ये बसणाऱ्याचा हात गाडी थांबवायच्या लाल बटणावर पोचेपर्यंत सगळं झालं होतं. तो सांगतो, की पडद्यावर प्रश्न आलाच नाही.

गुरुवार, १४

चष्मेवाल्या इंजिनिअरनं मला आत बोलावून गाड्या काय शिकल्या त्याची नोंद दाखवली. मान खाली, हात पुढे, माणूस स्थिर. त्यापुढे लिहिलेलं, अडथळा नाही, स्वतः बाजूला होतो. खाली शिकवणाऱ्याचा नंबर. माझा.

तो वाईट माणूस नाही. त्याचेही डोळे सुजले होते. म्हणाला, की दुरुस्तीला आठ दिवस लागतील. गाड्या उभ्या ठेवा म्हटलं, तर वरचे ऐकत नाहीत, माल अडलाय. आणि काका, बाहेर बोलू नका.

संध्याकाळी देवापुढे बसलो. मान वाकवता येईना.

शुक्रवार, १५

बाहेर बोललो. धाकट्याला सगळं सांगितलं.

सोमवारी काढलेले ड्रायव्हर मावशींसाठी गेटवर उभे राहणार आहेत. मूक. हात जोडून, मान खाली घालून. मी त्याच्या पाया पडायचा राहिलो. म्हटलं, ताठ उभे राहा, हात हलवा, धावा, पण वाकू नका.

तो हसला. म्हणाला, की कंपनीनं पढवून पाठवलं ना दादा? आम्ही हात उगारायचे, म्हणजे दंगल केली म्हणून पोलीस बोलवायला मोकळे. तू खाल्ल्या मिठाला जागतोस, जाग. आम्हाला मावशींसाठी उभं राहू दे.

दार आपटून गेला. सोमवारी मी पहिल्या गाडीत बसेन. लाल बटण माझ्या हाताशी असेल.

सोमवार, १८

पहिली गाडी दिली नाही. तिसरी मिळाली. नमस्कार केला नाही.

गेट उघडलं. ते उभे आहेत. साठेक जण, चार रांगा. सगळ्यांच्या माना खाली. धाकटा पुढच्या रांगेत, आईनं विणलेला निळा स्वेटर.

पहिली गाडी थांबत नाही —

देवा. देवा. पुढची रांग गेली. उभी रांग, कणसं कापावी तशी. ओरडतायत आता, पळतायत. पळणाऱ्यांसाठी गाडी थांबते. पडलेल्यांसाठी नाही. दुसरीही आत शिरली. काचेवर लाल उडालं, वायपर आपोआप पुसतोय.

लाल बटण दाबलं. पडदा म्हणतो, थांबण्याचे कारण सापडले नाही. दाबतोय. चालत्या गाडीत दार उघडत नाही. पाना नाही, काही नाही. काच फुटत नाही, कोपर फुटलं.

स्वेटर दिसला. जिवंत आहे. कुणाला तरी बाहेर ओढतोय, माझ्या गाडीच्या वाटेत, ओणवा. वीस पावलं.

आवाज बाहेर जात नाही. एक पान फाडून मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावतो —

ताठ उभा राहा

हात हलव

पाहिलं. त्यानं वर पाहिलं. मला ओळखलं. वाचत नाहीये, माझ्याच तोंडाकडे बघतोय. त्याला वाटतंय गाडी थांबवणं माझ्या हातात आहे. दहा पावलं. गुडघ्यावर आला. हात जोडतोय. मला हात जोडतोय. नको रे बाळा, मान वर, मान —