डिझेलवर आणलेली जीप आणि वरची खोली

मी, खाली सही करणारी, रोपवाटिकेची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, पोटभर नाश्ता करून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी रोपांच्या भावात घासाघीस करून पाहावी. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट "कशाला आत्तापासून?" म्हणणारेच जास्त भेटले.

कलम १. रोपवाटिका, शेडनेट आणि झाऱ्यांसकट, माझ्या मुलीला द्यावी. तशीही तीच चालवते, मी फक्त सूचना करते. मेलेले रोप गिऱ्हाइकाला जरूर बदलून द्यावे, पण आधी दोन शब्द सुनवावेत.

कलम २. जीप. हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी माफ करावे.

जीप यजमानांची. ते गेले, पण तिची पेट्रोलची भूक काही कमी झाली नाही. मातीच्या गोण्या घेऊन चढाला लागली की काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. म्हणून मोडीत निघालेल्या एका टेम्पोचे डिझेल इंजिन तिला बसवायचे मी ठरवले. यजमानांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, वरच्या खोलीत राहतात आणि शिवणकाम करतात. त्या जिन्यातूनच गरजल्या, "दादाच्या गाडीला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे, वहिनी!" मग अबोला. जेवताना मीठसुद्धा मुलीमार्फत मागायच्या.

आमच्या मेकॅनिकला सगळे नटबोल्ट म्हणतात. त्याने जुने इंजिन साखळीने उचलून बाहेर काढले, नवे आत उतरवले आणि कपाळाला हात लावला. इंजिनाची भोके एकीकडे, गिअरबॉक्सची भलतीकडेच. दोघांना जोडायला मध्ये अचूक मापाची जाड पोलादी प्लेट हवी होती. त्याने करून आणलेली प्लेट बसेना, दुसरी आणली तीही बसेना. जीप अंगणात आ वासून उभी, ऑर्डरी खोळंबलेल्या, मी रडकुंडीला आलेली.

तेव्हा वन्सं खाली उतरल्या. हातात खाकी कागद, कात्री आणि टाचण्या. माझ्याकडे न बघता नटबोल्टला म्हणाल्या, "बाही काय नुसत्या नजरेनं बसवतात होय रे? आधी कागद कापायचा." दोन्ही तोंडांवर कागद दाबून त्यांनी काळ्या ग्रीसचे ठसे घेतले आणि ब्लाउजचे करतात तसे कटिंग केले. लेथवाल्याने त्याबरहुकूम प्लेट कापली, ती मुकाट बसली. मी "वन्सं, कमाल केलीत" म्हटले. त्या म्हणाल्या, "दादाची गाडी अशी उघडीवाघडी बघवत नव्हती. तुमच्यासाठी नाही केलं."

पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर मात्र त्याच. बँकेसमोर मी चावी काढून उतरले, तर जीप आपली धडधडतेच आहे! हे डिझेल इंजिन बंद करायला वेगळी वायर ओढावी लागते, आणि ती लावायलाच नटबोल्ट विसरला होता. पहारेकरी माझ्या हातातल्या चावीकडे बघतोय, मी जीपकडे. वन्सं हसून हसून लोटपोट, "दादाची गाडी आहे, वहिनी. तो तरी कधी तुमचं ऐकायचा?" शेवटी वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा आचका देऊन गप्प झाली. यजमान गेल्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो ते त्या दिवशी.

सबब सदर जीप वन्संना द्यावी. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण शेजारी बसून चालवणाऱ्याला बरोबर चालवतात.

कलम ३. काढलेले पेट्रोल इंजिन जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवले आहे. ते मुलाला द्यावे. "आई, मूळ इंजिन असतं तर शौकिनांच्या उड्या पडल्या असत्या," असे तो येता-जाता ऐकवतो. आता त्याने ते उचलून न्यावे आणि उड्या मोजत बसावे. बँकेतली शिल्लकही त्यालाच. तो वाईट नाही, घाईचा आहे.

कलम ४. माझा पान्यांचा संच नटबोल्टला द्यावा. त्यातले निम्मे पाने त्याच्याकडेच आहेत, उरलेले न्यावेत.

कलम ५. घर. मागे मुलगा जेवताना म्हणाला, "हे विकून टाकू, आत्याची कुठंतरी चांगली सोय करू." वन्संनी ते जिन्यात ऐकले. तेव्हापासून त्यांनी कापडाचे गठ्ठे बांधून ठेवलेत आणि मला ऐकवतात, "मी काय, परक्याच्या घरातली. सांगाल तेव्हा निघेन." म्हणून स्पष्ट लिहिते : घर दोन्ही मुलांच्या नावे व्हावे, मात्र वन्सं हयात असेपर्यंत ते विकू नये, आणि वरची खोली, गॅलरी व स्वयंपाकघर यांवर त्यांचा हक्क राहावा. त्या परक्या नाहीत. या घरात मला वेळेवर टाकून बोलणारे दुसरे कोण आहे? मला त्यांचा फार लळा आहे. मी जिवंत असेपर्यंत हे त्यांना कळू देऊ नये. फार भाव खातील.

सहीपूर्वीची भर, वकीलबाईंच्या संमतीने : साक्षीदार म्हणून शेजारचे दंतवैद्य आणि ग्रंथपालबाई आल्या, तोच वन्सं इस्त्रीचे कपडे घालून, स्वतःचे पेन घेऊन खाली आल्या. "साक्षीदार मी. वहिनींची सही माझ्याइतकी कोण ओळखतं?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही होता येणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानं साक्ष द्यायची नसते."

वन्सं दारातच थांबल्या. "मला?" एवढेच म्हणाल्या. मी खाली मान घालून पेनाचे टोपण शोधू लागले. त्या आत आल्या. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, नाक पुसले आणि आपले पेन माझ्या हातात दिले.

"नीट करा सही. नेहमी गिचमिड करता."

साक्षीदार : १. दंतवैद्य, शेजारचे घर. २. ग्रंथपाल, समोरचे घर.
स्थळ : राहत्या घराची खालची खोली. दिनांक : आजचा, शुक्रवार, सकाळ.

सही : रोपवाटिकेची मालकीण (सुवाच्य, वन्संनी तपासली)