सोनखताचा मक्ता

जव्हार, चैत्र शु. ८, शके १८३५

ति. दादांस, चंद्रकलेचा कृ. सा. न. वि. वि.

गावच्या कचऱ्याचा आणि मैल्याचा मक्ता दरबाराने अखेर आपल्याला दिला. जागा आणि खड्ड्यांचा निम्मा खर्च दरबारचा. गाड्या, बैल, माणसे आपली, आणि खतही आपले. तुम्ही भागीदारी घेतली नसती तर हे जमले नसते. इकडची स्वारी खुशीत आहे. आता मला उकिरड्याची राणी म्हणतील, असे मी थट्टेने म्हटले.

एक रुखरुख आहे. खड्डे लांब, जामसरच्या वाटेवर काढायचे ठरले होते. तेवढ्या चालीने बैल थकतात म्हणून ते जवळच, नवशीच्या पाड्याच्या डोक्यावर खणले. नवशी आपल्याकडे भाजी घालते. तुम्हाला आवडतो तो तांबडा तांदूळ तिच्याच शेतातला. पाड्याचा झरा खड्ड्यांच्या अगदी खाली आहे. मी बोलून पाहिले, तर पैसा दादांचा, त्यांनाच विचार, असे इकडून म्हणणे झाले. म्हणून विचारते. पावसाआधी खड्डे हलवता येतील का?

वहिनींना नमस्कार. माहेरची माया आटू देऊ नये.

चंद्रकला


ठाणे, वैशाख व. २

चि. सौ. चंद्रकलेस, अनेक उत्तम आशीर्वाद.

उकिरड्याच्या राणीचे पत्र पोचले. तुझी वहिनी हसून दमली. खड्डे हलवायचे तर गाड्या वाढवाव्या लागतील, आणि दरबार आपला वाटा दुसऱ्यांदा देणार नाही. जागा त्यांच्याच ओव्हरसियरने पाहून पास केली आहे. जमिनीत मुरलेले पाणी गाळूनच निघते. तुझे लहानपणापासून असेच. दारात मांजर भिजले तरी तू जेवत नसस.

दसऱ्याला आम्ही दोघे येतो. तांबडा तांदूळ राखून ठेव, आणि असाच जीव लावत जा.

दादा


जव्हार, भाद्रपद व. ६

ति. दादांस, कृ. सा. न. वि. वि.

गाव स्वच्छ झाले. बाजारात माश्या दिसत नाहीत. दरबारात इकडच्या स्वारीला शाल मिळाली, खतालाही मागणी आहे.

आषाढापासून नवशी आली नाही. मला वाटले, खड्ड्यांवरून रुसली. दुसरीकडे भाव चढा मिळतो वाटते, असा टोमणाही मी गड्याकरवी धाडला. परवा तिचा नवरा ढवळू आला. ओटीवर बस म्हटले तर बसला नाही. पाड्यात पटकी शिरली होती म्हणाला. भाजी त्या पाण्यावरची, बायच्या लेकरांना बाधेल, म्हणून नवशीने आणायची थांबवली. प्यायला मात्र त्यांना तेच पाणी होते. आधी त्यांची धाकली मुलगी गेली, मग नवशी. माझा टोमणा तिच्या कानी पडला होता का, हे विचारायला मला तोंड नव्हते.

उरलेली घरे वांगणीकडे उठून गेली. मी पुन्हा खड्ड्यांचा विषय काढला. आता खाली कोणी राहतच नाही, मग हलवायचे कशाला, असे इकडून म्हणणे झाले.

तांदूळ राखलेला नाही. दसऱ्याला दोघेही या. वहिनींना सांगावे, पाण्याची काळजी करू नये. आपली विहीर खड्ड्यांच्या वरच्या अंगाला आहे.

चंद्रकला