‘आत’ हा शब्द

प्रिय ठमे,

रविवारी पिल्लाला न्यायला येशील, पण राहणार नाहीस, हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. त्याविषयी शेवटी लिहितो. बदलीच्या धांदलीत तू हे कुत्र्याचे पिल्लू दोन महिने आमच्या हवाली केलेस, तेव्हा आधी त्याचे प्रगतिपुस्तक.

शू-शीचे शास्त्र सोपे निघाले. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला तडक अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचे आणि काम उरकताक्षणी शाबासकी द्यायची. मिनिटभर उशीर झाला, तरी कौतुक नेमके कशाचे हे त्याला उमगत नाही. घरात चुकलेच, तर न रागावता जागा स्वच्छ धुवायची. वास उरला की तो तिला मोरी समजतो. माझ्या चपलेला त्याने तीनदा तसे समजून घेतले. तुझी आई म्हणते, “शाळेतून निवृत्त झालात, पण विद्यार्थी काही सुटले नाहीत. हा निदान उलटून बोलत नाही!”

क्रेटने, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्याने, मात्र मला नापास केले. मापात खोट नव्हती: उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा, जास्त असली, तर एका टोकाला शयनगृह आणि दुसऱ्या टोकाला शौचालय. खाली तुझी जुनी शाल. तरी मी ‘आत!’ म्हटले की स्वारी शेपूट घालून सोफ्याखाली. आईने म्हटले की टुणकन आत! मी खाऊ बदलला, वेळ बदलली, आठवडाभर नोंदी ठेवल्या. अखेर आईच म्हणाली, “अहो, शब्द तोच आहे, सूर बघा. तो सूर या घराने पूर्वी ऐकलाय.”

तेव्हा आठवले. पहिल्याच दिवशी त्याने चप्पल कुरतडली, म्हणून मी ‘आत!’ ओरडून त्याला क्रेटमध्ये ढकलले होते आणि दार लावले होते. ती जागा शिक्षेची कधीही करू नये, हा पिल्लांना शिकवण्याच्या पुस्तकातला पहिलाच नियम. त्याखाली मीच पेन्सिलीने रेघ ओढली होती. माझ्या तोंडी तो शब्द नासला होता. मी आता ‘घरी’ म्हणतो, दार सताड उघडे ठेवतो, खाऊ टाकतो आणि पेपर वाचत बसतो. नऊ दिवस तो नुसता डोकावून गेला. काल दुपारी आपणहून शिरला, शालीवर तीन गिरक्या घेतल्या आणि घोरू लागला.

ठमे, पिल्लू निमित्त आहे. गुण कमी पडले की मी ‘आत!’ म्हणायचो आणि तुझ्या खोलीला बाहेरून कडी लावायचो. तू आठ वर्षांची होतीस. मी त्याला शिस्त म्हणत होतो, मी चुकलो. काल ती कडी काढली. स्क्रू गंजले होते, तासभर लागला. भोके बुजवलेली नाहीत. कडी तिथे नव्हतीच, असे मला दाखवायचे नाही. रविवारी राहायचे की नाही, ते तू ठरव. मी ‘आत ये’ असेसुद्धा म्हणणार नाही.

तुझेच,
बाबा