चिक्कहळ्ळीचे एकतीस बॉक्स

३ जानेवारी, शनिवार

मिळाली! म्हणजे हातात नाही आली अजून, पण मिळाल्यात जमा!

डिश टीव्हीच्या कंपनीचे एरिया मॅनेजर दिग्विजयसाहेब दुकानात आले होते. वय माझ्या निम्मं, मला काका म्हणतात. पूर्ण अक्कलकोट तालुक्याची एजन्सी द्यायची आहे म्हणाले. अट एकच – एकतीस तारखेपर्यंत लोकांचे ऐंशी जुने सेट-टॉप बॉक्स काढून कंपनीत जमा करायचे, त्यांच्या जागी ऐंशी एचडी बॉक्स बसवायचे. रांगेत दुसरा माणूस अक्कलकोट स्टँडसमोरचा शरणबसव. भला माणूस आहे. पण मला पाहिजे!

जेऊरहून सोलापुरात आलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला डिशची छत्री बांधून गल्लोगल्ली फिरायचो. कुत्री मागं लागायची. आता तालुका!

वच्छलाला सांगितलं. ती म्हणाली, आधी आपल्या घरातला बॉक्स दुरुस्त करा, आठ दिवस झाले आवाज येत नाही त्याला.

६ जानेवारी, मंगळवार

नऊ झाले. स्कीम सोपी आहे. जुना बॉक्स द्या, तीनशे नव्व्याण्णव भरा, एचडी न्या. महिन्याचा पॅक पन्नास रुपयांनी वाढतो आणि सहा महिने बदलता येत नाही. हे पन्नास शेवटी सांगायचे, पण सांगायचेच. न सांगता विकणारे दुसऱ्या वर्षी दुकान बंद करतात.

माझी रीत वेगळी. बेल लगेच वाजवायची नाही. दाराबाहेर मिनिटभर उभं राहायचं आणि आत टीव्हीवर काय चाललंय ते ऐकायचं. क्रिकेट असेल तर आत गेल्यावर बॉलची शिवण दिसते म्हणायचं. मालिका असेल तर पैठणीची जर. कीर्तन असेल तर बुवांच्या कपाळावरचा बुक्का! लोकांना वाटतं, या माणसाला मनातलं कळतं. मनातलं कसलं कळतंय – कान तिखट पाहिजेत. सोलापुरात या धंद्यात माझ्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत. हे दुसऱ्या कुणापुढं म्हणायचं नाही, म्हणून इथं लिहिलं.

९ जानेवारी, शुक्रवार

बावीस. पाय सुजलेत. मजा येतेय!

१२ जानेवारी, सोमवार

काय सांगू! काल आणि आज मिळून एकतीस! एकाच गावात!

चिक्कहळ्ळी. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. घराघरात कानडी. सतरा वर्षांपूर्वी माझं पहिलं गिऱ्हाईक तिथलंच – अक्कम्मा. तेव्हा तिनं छत्री घेतली म्हणून गावानं घेतली. मला ती तम्मा म्हणते, धाकटा भाऊ. माझी मोडकीतोडकी कानडी तिच्याच ओसरीवर कानांनी शिकलेली.

तिच्या दारात मी ऐकत उभा राहत नाही. आपलंच घर, सरळ आत गेलो. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. एजन्सीचं सांगितलं, एकतीस तारखेचंही. तिनं किती पाहिजेत विचारलं. म्हटलं, जेवढे होतील तेवढे. तिनं सून सिद्धेश्वरीला हाक मारली, सून गल्लीत गेली, आणि तासाभरात ओसरीपुढं बायका आपापला जुना बॉक्स पदराखाली धरून उभ्या! जशी काही लेकरं डोस पाजायला आणलीत.

सगळ्यांची नोंदणी अक्काच्या शेजारी बसूनच केली, फोनवर कंपनीच्या पोरीला एकेकाचा पत्ता सांगत. या वेळी काम स्वच्छ – ज्याच्या त्याच्या आधारवरचा पत्ता. जुने एकतीसच्या एकतीस बॉक्स मी तेव्हा अक्काच्या भावाच्या घरच्या पत्त्यावर घेतले होते, पलीकडं आळंदला, कर्नाटकात. कंपनीची पत्रं जायची त्याच्याकडं. बिचाऱ्याच्या एका घरात एकतीस टीव्ही! आता तो घोळ मिटला.

नवा पॅक परवापासून सुरू. तोवर सगळे चॅनल फुकट. पोरं नाचत होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. साठ! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत शरणबसव भेटला. त्यानं तिळगूळ दिला आणि माझा आकडा विचारला. मी तिळगूळ खाल्ला, आकडा नाही सांगितला.

१९ जानेवारी, सोमवार

बहात्तर. शहरात रोज चार तक्रारी – रिमोट चालत नाही, आवाज पुढं आणि ओठ मागं. चिक्कहळ्ळीतून आठ दिवसांत एक फोन नाही. एकतीस बॉक्स आणि एक फोन नाही! काम असं पाहिजे.

२४ जानेवारी, शनिवार

त्र्याऐंशी!! तीन जास्तच. वच्छलानं शेंगापोळी केली. दुकानाच्या नव्या बोर्डावर ‘अधिकृत एजन्सी – संपूर्ण अक्कलकोट तालुका’ असं रंगवून पाहिजे म्हणून पेंटरला सांगून आलो. जमा करायचे बॉक्स दुकानात भिंतीला रचलेत. भिंत दिसत नाही.

२५ जानेवारी, रविवार

पेढे घेऊन चिक्कहळ्ळीला गेलो. दिवेलागणीची वेळ. वेशीजवळ गाडी बंद केली आणि चालत निघालो.

त्या गल्लीत या वेळी एकच कानडी मालिका घराघरातून ऐकू येते. एका दारात वाक्य सुरू होतं, पुढच्या दारापाशी संपतं. सतरा वर्षं ऐकतोय.

आज गल्ली गप्प होती. दोन घरांत क्रिकेट. एका घरात मराठी बातम्या, त्याही कुणी ऐकत नसल्यासारख्या.

तिथंच थांबलो. कळलंच एकदम. कानडी चॅनल यायचे ते आळंदच्या पत्त्यामुळं! पत्ता कर्नाटकातला, म्हणून पॅक कानडी. म्हणून तर तेव्हा तसा घेतला होता – अक्कालाही तेव्हा समजावून सांगितलं होतं. आणि मी हुशारीनं सगळं गाव सोलापूर जिल्ह्यात आणून बसवलं!

अक्का टीव्हीसमोर बसली होती. टीव्ही बंद. चित्र लई छान हाय म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी विचारलं, तुला दिसतं का अक्का?

“न्हाय की. सून सांगती, छान हाय म्हणून.”

म्हणजे मी एचडी कुणाला विकलं? जी टीव्ही फक्त ऐकते तिला!

फोन का नाही केलास म्हटलं तर म्हणाली, “इरली बिडू, तम्मा.” राहू दे, सोड.

पेढे तिथंच ठेवून आलो.

२७ जानेवारी, मंगळवार

काल सुट्टी, आज कंपनीला फोन लागला. पोरगी गोड बोलली. पॅक पिनकोडवर, सहा महिने बदल नाही, कानडी वेगळं घ्यायचं तर महिन्याचे पैसे जवळपास दुप्पट. जुना बॉक्स जमा होईपर्यंत मात्र सगळा व्यवहार रद्द करता येतो. एकदा जमा झाला की संपलं.

त्र्याऐंशीतून एकतीस गेले की बावन्न. मला करता येतं. करू नये, असंही वाटतं.

२८ जानेवारी, बुधवार

सहा महिने म्हणजे काय असतात? जातात.

वच्छलाला हेच म्हटलं. ती म्हणाली, “मग आपल्या टीव्हीचा आवाज तरी कशाला दुरुस्त करताय? राहू द्या सहा महिने.”

३० जानेवारी, शुक्रवार

टेम्पो केला. एकतीस जुने बॉक्स परत चिक्कहळ्ळीला! सकाळी आठपासून घरोघर. तारा काढ, तारा लाव, फोनवर रद्द कर. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारा म्हणाला, “नेताना पण तूच, आणताना पण तूच. भाडं कुणाचं?” जेवण तीन घरांत झालं.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला उभा राहिलो. पहिल्या घरात मालिका सुरू झाली, मग दुसऱ्या, मग सगळीकडं! एकतीस घरांतून एकच सासू एकाच सुनेवर ओरडत होती. असं संगीत नाही ऐकलं कधी! अक्कानं मान हलवली. मला वाटलं, थोडी रागावलीच आहे.

३१ जानेवारी, शनिवार

बावन्न जमा केले. एजन्सी शरणबसवला. दिग्विजयसाहेब म्हणाले, “काका, माल दुकानात होता की तुमच्या. एक दिवस गप्प बसला असता तर?”

पेंटरला बोर्ड थांबवायला सांगितलं.

१ फेब्रुवारी, रविवार

सिद्धेश्वरीचा फोन. सासूला ती कानडीत अत्ते म्हणते. “मामा, अत्ते कालपासून जेवली न्हाय. तुमी पत्ता सांगत होता तवाच तिनं ओळखलं, कानडी जाणार म्हणून. बायकास्नी म्हणाली, सहा महिनं मराठी ऐकू. पर एकतीस तारखेपातुर तम्माला कुणी फोन करायचा न्हाय.”

सहा तारखेचं पान काढलं. तिखट कानांची ओळ खोडली.