गाडीला आलेला गोवर

९ फेब्रुवारी, दुपार

चि. छोट्यास,

आशीर्वाद. ते रागातही द्यावेच लागतात, म्हणून दिले. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे. पण काही ठीक नाही. बाबांनी यापुढे गाडी चालवायची नाही म्हणालास आणि किल्ली खिशात घालून निघून गेलास. विचारलंसुद्धा नाहीस. घर आमचं, गाडी आमची आणि हुकूम तुझा!

तुला वाटलं, बाबा गाडी कुठेतरी घासून आणतात आणि वर रंगाचे ठिपके देऊन लपवतात. फाटकात उभा राहून, शेजारच्या वकिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "गाडीला गोवर आलाय की काय?" वकील हसले. मीही कसनुसं हसले, त्याचा मला स्वतःचाच संताप येतो.

तर आता ऐक. गाडी बाबा चालवतच नाहीत. वर्षभर मी चालवते आहे. दार फाटकाच्या खांबाला मी घासलं, मागचा कोपरा दवाखान्याच्या भिंतीला मी लावला. या वयात शिकले, एवढं व्हायचंच.

दवाखाना कशाला, हे तरी विचारशील? बाबांना नजरेच्या मधोमध काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. छोट्याला कळता कामा नये, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. दिसत नाही म्हणण्यापेक्षा गाडी नीट चालवता येत नाही म्हटलेलं त्यांना चाललं. तू ताडताड बोललास आणि त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

आणि ते ठिपके. बाबा बोटाने ओरखडा चाचपतात, पॉलिश पेपरने हलकेच घासतात, बारीक ब्रशने रंग भरतात, सुकू देतात, पुन्हा बोट फिरवून बघतात. तुझ्यामाझ्या हातून इतकं सपाट काम होणार नाही. डबीतला रंग कंपनीचाच, नंबर बघून आणलेला. पण आपली गाडी इतकी वर्षं उन्हात विटलेली. नवा निळा तिच्यावर उठून दिसणारच. दर वेळी ते विचारायचे, "जुळला का गं?"

मी म्हणायचे, "अगदी बेमालूम. शोधून सापडत नाही."

तू गोवर म्हणालास, तेव्हा त्यांना खरं कळलं. त्यानंतर त्यांनी डबीला हात लावलेला नाही. मला एका शब्दाने जाब विचारला नाही, हे मला जास्त लागलं.

चार दिवस राहिलास. गाडीवरचा ठिपका न् ठिपका तुला दिसला, बापाचे डोळे नाही दिसले? जेवताना ते खिडकीच्या पडद्याकडे तोंड करून बसले होते, तर ताट सरकवून तू ओरडलास, "बाबा, मी बोलतोय. माझ्याकडे बघा."

अरे, ते तुझ्याकडेच बघत होते. समोर बघितलं की तुझा चेहरा नाहीसा होतो, म्हणून मान वळवून कडेच्या नजरेने तो शोधत होते.

शब्द मोडला, त्याचं मी त्यांच्यापाशी निस्तरीन. मंगळवारी इंजेक्शन आहे. त्याआधी किल्ली घेऊन स्वतः ये, पोस्टाने पाठवायची नाही. गाडी मीच चालवणार, तू मुकाट्याने मागे बसायचं. आणि घरात आलास की त्यांच्या समोर बसू नकोस. जरा बाजूला बस, म्हणजे दिसशील.

तुझ्यावर चिडलेली, तरी वाट बघणारी,
आई