काचेतला बाळयेशू

कितो, १८ नोव्हेंबर

प्रिय ग्लादिसताई,

रोज फोन असताना हिला कागद कशाला लागला, म्हणून घाबरू नकोस. आई बरी आहे, गुडघे सोडले तर. माद्रिदला थंडी पडली असेल, मातियासला कानटोपी घाल.

डिसेंबरात मुलांना काय काय दाखवू, असं तू विचारलंस. सोन्याचं चर्च सकाळीच उरका, नंतर शाळांच्या सहली येतात. बॅसिलिका चर्चच्या भिंतींवरची दगडी कासवं मातियासला आवडतील, पण मनोऱ्याच्या शिडीवर भाऊजींना चढवू नकोस. मागच्या वेळी अर्ध्यातच त्यांना घाम फुटला होता. टेकडीवरच्या पंखवाल्या मारियेच्या पुतळ्याकडे टॅक्सीनेच जा.

माझं संग्रहालय मात्र राहू दे. तिथं काय, जुनी चित्रं आणि रविवारची फुकटी गर्दी.

पुढचं वाक्य तीनदा लिहून खोडलं. ताई, आपल्या घरचा बाळयेशू तिथं आहे.

यंदाच्या नाताळच्या मिरवणुकीचा मान तुझा. मातियास बरा झाला तर बाळयेशूला हातात घेऊन गल्लीभर चालेन, असा तुझा नवस. तू तिकिटं काढलीस, आईने बाळयेशूला निळा मखमली झगा शिवला, आणि तो काचेच्या पेटीत बसलाय.

फेब्रुवारीत त्याचं बोट मोडलं. आमच्या दुरुस्ती विभागातले म्हणाले, "ठेवून जा, करून देतो." कागद पुढे केला, मी सही केली. आपण दरवर्षी त्याला मिस्सेची प्रार्थना ऐकायला चर्चमध्ये ठेवतो, तिथल्या वहीत सही करतो आणि नऊ दिवसांनी घरी आणतो. ही सही तसलीच, असं मी धरून चालले. बावीस वर्षं तिथं पहारा देते मी, आणि कागद वाचला नाही. ते दानपत्र होतं.

मूर्ती अडीचशे वर्षांची निघाली. संचालक म्हणाले, "नार्सिसा, आता तो साऱ्या देशाचा आहे. अभिमान बाळगा." मी तीन अर्ज केले, तिन्ही परत आले. पेटीखाली पाटी आहे, "एका भाविक कुटुंबाकडून भेट". ती काच दिवसातून दोनदा मीच पुसते.

आईला सांगत राहिले, रंग वाळतोय. ती म्हणायची, "एवढे महिने? भिंत रंगवतायत की काय?"

गेल्या रविवारी शेजारच्या लास्तेनियाकाकू तिला घेऊन आल्या. म्हणे, "तुमच्या बाळासारखाच एक तिथं आहे, चला दाखवते." आई पेटीसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही तळवे काचेवर ठेवले. तेवढ्यात संचालक पाहुण्यांना घेऊन आत आले आणि माझ्याकडे बघू लागले. मी गणवेशात होते, ताई. नोकरी गेली तर आईची औषधं कुठून आणू, एवढंच मनात आलं.

मी म्हटलं, "बाई, काचेला हात लावू नका."

आईने माझ्याकडे पाहिलं. "चुकलं हं, मॅडम," म्हणाली, आणि हात शालीत घेतले.

घरी आल्यावर मला वाटलं, ओरडेल, दोन थोबाडीत देईल. तिने माझ्यापुढे बटाट्याचं सूप ठेवलं आणि म्हणाली, "ग्लादिसला कळवू नकोस. कळलं तर ती यायची नाही. पाच वर्षं झाली तिला बघून."

मी जेवले, ताई. त्याचीच जास्त लाज वाटते.

कळवू नकोस म्हणाली तेही मी ऐकलं नाही. चोवीस डिसेंबरला गल्ली दारात जमेल तेव्हा तुझ्या हातात काय देऊ, मला माहीत नाही. मला काही सुचत नाही आणि माझ्याच्याने काही होतही नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, लास्तेनियाकाकूंकडे उतर.

पण ये. आई दार उघडंच ठेवून बसते.

आईला परकी करणारी तुझी बहीण,
नार्सिसा